दिलेल्या पैशाचे नाव काय?

(आपल्या मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



फलकावर आजचा विषय 'स्टार्टअप आणि एंजल गुंतवणूक' असा लिहिला आहे. काल संध्याकाळी एका आजोबांनी तो फलक वाचला आणि आम्हाला विचारले, "हे बंगळूरचं प्रकरण जनवाड्यात कशाला आणलंत? इथं सोयाबीनचा भाव सांगा." आजोबांचे म्हणणे खोटे नाही. पण हे प्रकरण जनवाड्यात आधीच येऊन गेले आहे. आणि ते कसे येऊन गेले हे सांगण्यासाठीच आम्ही उभे आहोत.

गेल्या दोन-तीन वर्षांपासून तुम्ही पाहत असाल, आरतीच्या वेळी आपले किराणा दुकानवाले अण्णा मंडपाच्या एका टोकाला उभे असतात आणि निवृत्त गुरुजी दुसऱ्या टोकाला. एके काळी या दोघांशिवाय मंडळाची वर्गणी सुरू होत नसे. त्यांच्यात शेताचा बांध नाही, निवडणूक नाही. वाद झाला तो एका डब्यावरून. दोघेही समोर बसले आहेत आणि दोघांची परवानगी घेऊनच आम्ही बोलतो आहोत.

साल २०१७. आपल्याच भागातली दोन मुले इंजिनिअरिंग संपवून घरी आली होती. त्यांनी एक डबा बनवला. आत सिमकार्ड, बाहेर चार वायरी. तो विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरला जोडायचा आणि घरबसल्या फोन लावून मोटार चालू-बंद करायची. थ्री-फेज रात्री दोनला येते, तेव्हा बॅटरी घेऊन बांधावरून कोण जातो आणि त्याच्या पायाखाली काय काय येते, हे इथे कोणाला सांगायला नको. डबा आम्ही चालताना पाहिला. अंगणातून फोन लावला आणि अर्ध्या कोसावर मोटार गुरगुरली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मुलांना पन्नास डबे करायचे होते. बँकेने तारण मागितले. मग पाच जण पुढे आले. अण्णांनी दीड लाख दिले, गुरुजींनी निवृत्तीच्या रकमेतून एक लाख, एका ट्रॅक्टरवाल्याने एक लाख, औषध दुकानवाल्याने पन्नास हजार आणि एका गवंडी कंत्राटदाराने वीस हजार. एकूण ४ लाख २० हजार. आमच्यातले जे सरकारी नोकरीत आहेत त्यांना नियमाप्रमाणे परवानगीशिवाय धंद्यात पडता येत नाही, म्हणून आमच्या वाट्याला हिशेबाची वही आली. ती वही आज आम्ही सोबत आणली आहे. पहिल्या पानावर पाच नावे आहेत, पाच आकडे आहेत, आणि खाली एक ओळ आहे: 'वरील रक्कम मुलांना दिली.'

त्या 'दिली'मध्ये सगळे भांडण आहे. कशी दिली? उसनी, व्याजाने, भागीने की मदत म्हणून? हे त्या दिवशी कोणी विचारले नाही. शुभकार्यात असले विचारायचे नसते, असे सगळ्यांना वाटले. वही आमच्या हातात होती, त्यामुळे विचारायचे काम आमचे होते, आणि आम्हीही विचारले नाही.

आता आधी त्या 'एंजल' शब्दाकडे वळू. एंजल म्हणजे देवदूत. धंद्यात हा शब्द आला तो नाटकातून. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर नाटक उभे करायला जे धनिक पैसा घालत त्यांना एंजल म्हणत. नाटक चालले तर नफ्यात वाटा, पडले तर पैसा गेला. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर विद्यापीठातले विल्यम वेट्झेल नावाचे प्राध्यापक नव्या उद्योगांना सुरुवातीचा पैसा देणाऱ्या व्यक्तींचा अभ्यास करत होते. त्यांनी हा शब्द या लोकांना लावला आणि तो चिकटला. म्हणजे एंजल हा सावकार नव्हे आणि दानशूरही नव्हे. तो स्वतःच्या खिशातला पैसा, कंपनी अगदी कच्ची असताना, तिच्या मालकीतल्या हिश्शाच्या बदल्यात देतो. तो बुडू शकतो हे त्याला माहीत असते. बहुतेक बुडतात हेही माहीत असते. एखादा डाव लागला तर बाकीच्यांची भरपाई होते, या हिशेबावर तो चालतो.

शब्द परका असला तरी माणूस परका नाही. दादासाहेब फाळक्यांचे उदाहरण घ्या. सिनेमा हे त्या काळचे अगदी नवे तंत्रज्ञान, आजच्या एआयसारखे. १९१२ साली फाळके आपल्या विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून लंडनला गेले आणि कॅमेरा व इतर यंत्रे घेऊन आले. यंत्रे आली, पण चित्रपट काढायला पैसा नव्हता. तोंडी सांगून कोणाला पटेना. मग त्यांनी काय केले? एका कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले आणि कॅमेरा समोर लावून महिनाभराहून अधिक काळ रोज थोडे थोडे चित्रण केले. पडद्यावर मिनिटभरात दाण्याला कोंब फुटला, तो वाढला आणि त्याचा वेल झाला. 'अंकुराची वाढ' नावाची ही फिल्म त्यांनी निवडक लोकांना दाखवली. ती पाहून यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांच्यासारखी माणसे पैसे द्यायला तयार झाली. सरस्वतीबाईंचे दागिनेही त्यात गेले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला.

आज बंगळूरला ज्याला 'डेमो' म्हणतात तो हाच. आमच्या मुलांनी अंगणातून मोटार चालू करून दाखवली, तोही अंकुराची वाढच होता. पण फाळक्यांची गोष्ट इथे थांबत नाही, आणि पुढचा भाग सहसा कोणी सांगत नाही. १९१८ मध्ये मुंबईच्या काही व्यापाऱ्यांबरोबर भागीदारीत हिंदुस्थान कंपनी झाली. पैसा त्यांचा, कला फाळक्यांची. थोड्याच दिवसांत खर्चावरून आणि कोणाचे ऐकायचे यावरून खटके उडू लागले. फाळके इतके वैतागले की सगळे सोडून काशीला निघून गेले आणि तिथे नाटक लिहीत बसले. नंतर परत आले खरे, पण आधीची घडी काही बसली नाही. पैसा मिळाल्यावर सुरू होणाऱ्या अडचणी पैसा नसतानाच्या अडचणींपेक्षा वेगळ्या असतात, आणि त्यांची तयारी कोणी करत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या सीमाभागातली. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. मुंबईला व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूटमधली शिक्षकाची नोकरी सोडून ते बेळगावात आले. भावाबरोबर सायकलींचे दुकान काढले होते, तिथून कडबा कापायचे यंत्र आणि लोखंडी नांगर इथपर्यंत पोचले. एवढ्यात नगरपालिकेने जागा खाली करायला सांगितली. भट्टी, लेथ, माणसे घेऊन जायचे कुठे? तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. १९१० साली पंचवीसेक कामगारांची कुटुंबे त्या निवडुंगाच्या आणि नागांच्या माळावर राहायला गेली. त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळे किर्लोस्करांचा पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली असे सांगतात. दोन वर्षे! आपल्या अडतीवर दोन आठवडे पैसे अडकले तर आपण दिवसातून चार फोन लावतो. औंधच्या राजांनी दिलेले कर्ज होते, हिस्सा नव्हता, म्हणून शब्दाला धरून त्यांना एंजल म्हणता येणार नाही. पण तो पैसा थांबू शकणारा होता. सावकाराचा पैसा दर महिन्याला दार वाजवतो. ज्या वस्तूला अजून गिऱ्हाईकच तयार व्हायचे आहे तिला असा पैसा मारून टाकतो.

योगायोग असा की आणखी एका प्रसिद्ध कंपनीच्या मुळाशीही दहा हजारच आहेत. १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिस सुरू झाली ती सुधा मूर्तींनी साठवून ठेवलेल्या दहा हजारांवर. या बाई आपल्याच राज्यातल्या, शिग्गावच्या. त्यांनी नवऱ्याला पैसे दिले आणि सोबत तीन वर्षांची मुदत दिली. तोवर घर मी चालवते, जमले नाही तर नोकरी धरा, असे ठरले. आम्हाला त्या दहा हजारांपेक्षा ही तीन वर्षे मोठी वाटतात. आणि पुढे १९९३ साली ९५ रुपयांनी शेअर विक्रीला काढला तेव्हा तो पुरता खपलाही नव्हता, हेही लक्षात ठेवा. ज्यांनी तेव्हा घेतला नाही ते सगळे काही मूर्ख नव्हते. सुरुवातीला कोणालाच दिसत नाही.

आता आपल्या डब्याकडे येतो. पन्नासातले एकतीस डबे विकले. त्यातले निम्म्याच्या वर उधारीवर. पहिल्या उन्हाळ्यात व्होल्टेज इतके खालीवर झाले की नऊ डबे जळाले. दोन ठिकाणी एक फेज गेलेली असताना मोटार चालू झाली आणि मोटारच जळाली. मोटार बांधून घ्यायचा खर्च कोणी द्यायचा यावरून मुलांना शेतात उभे करून बोलणी खावी लागली. तरी मुले चिकाटीची. त्यांनी डब्यात सुधारणा केली. पण २०१८ च्या अखेरीस मोबाइल कंपन्यांनी दर महिन्याला किमान रिचार्ज सक्तीचे केले. त्याआधी डब्यातले सिम फुकटात फोन घेत असे. आता प्रत्येक डब्याला महिन्याला पैसे टाका, नाहीतर येणारा फोनही बंद. शेतकरी म्हणाला, घरातल्या तीन फोनना टाकतो तेवढे पुरे, आता विहिरीलाही रिचार्ज करू काय?

आणि सगळ्यात वाईट वाटले ते नंतर कळले तेव्हा. असेच यंत्र पुण्यात आधीच तयार झाले होते आणि विकले जात होते. संतोष ओस्तवाल नावाच्या अभियंत्याने, रात्री-अपरात्री मोटार चालू करायला शेतावर जाणारे आपले म्हातारे आजोबा पाहून, कित्येक वर्षे खपून ते बनवले. त्याचे नाव 'नॅनो गणेश'. नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत २००९ साली त्याला पारितोषिकही मिळाले होते. म्हणजे आम्ही २०१७ मध्ये ज्यासाठी टाळ्या वाजवल्या ते आठ वर्षांपूर्वी जगाने पाहिले होते. पाच देणारे, दोन घेणारे आणि एक वहीवाले, कोणीही विचारले नाही की बाबांनो, हे आधी कोणी केले आहे का? नाव गणेशाचे असूनही आम्हाला कळले नाही!

२०१९ मध्ये मुलांनी शटर ओढले. एक हैदराबादला नोकरीला लागला, एक पुण्याला. इथून भांडण सुरू झाले. अण्णांच्या मनात ते पैसे शेकडा दोनने दिलेले होते, कारण त्यांच्या धंद्यात पैसा तसाच दिला जातो. त्यांनी मुलांच्या घरी निरोप पाठवले. मुलांनी पहिल्या पगारापासून अण्णांना हप्ते सुरू केले. गुरुजींनी मागितले नाहीत, म्हणून त्यांना मिळाले नाहीत. गुरुजींना स्वतःच्या लाखाचे दुःख नव्हते. ते म्हणाले, आपण पाच जणांनी मिळून डाव खेळला, डाव हरलो, आता पोरांच्या पगारावर बसणे बरे नाही. अण्णा म्हणाले, डाव कसला, मी पैसे दिले होते. दोघेही वहीकडे बोट दाखवत होते आणि वहीत फक्त 'दिली' होते.

कानडीत दुड्डू म्हणा, मराठीत पैसा म्हणा, तो देताना त्याचे नाव ठरवावे लागते, एवढेच आज आम्हाला सांगायचे आहे. त्याची तीन नावे होऊ शकतात. मदत म्हणजे विसरायचे. कर्ज म्हणजे व्याज किती, मुदत किती, धंदा बुडाला तरी परत करायचे की नाही, हे लिहायचे. हिस्सा असेल तर बुडाला तर आपलाही बुडाला, आणि वर आला तर त्या प्रमाणात आपलाही वर आला. कर्जाचे व्याज हवे, फायद्यात वाटाही हवा, आणि बुडीत मात्र नको, असा चौथा प्रकार आपल्याकडे फार आवडतो. त्याला नाव नाही.

हिस्सा म्हणजे काय याचा हिशेब सोपा आहे, पण पहिल्यांदा ऐकताना हसू येते. या वर्षी शेजारच्या गावची एक मुलगी आणि तिचे दोन वर्गमित्र आमच्याकडे आले. त्यांना सहा लाख हवे आहेत आणि बदल्यात ते कंपनीचा बारा टक्के हिस्सा द्यायला तयार आहेत. सहा लाखाला बारा टक्के, म्हणजे पैसे आल्यावर पूर्ण कंपनीची किंमत झाली पन्नास लाख. त्यातले आपले सहा वजा केले तर पैसे येण्याआधीची चव्वेचाळीस लाख. हे ऐकून आमच्यातले एक जण म्हणाले, "चव्वेचाळीस लाखाची कंपनी? टेबल तर एकच दिसतंय!" मुलगी हसली नाही. ती म्हणाली, "काका, टेबलाची किंमत नाही ही. पुढच्या तीन वर्षांत आम्ही तिघं काय करू शकतो त्याची आहे. जास्त वाटत असेल तर कमी सांगा." आम्हाला हे उत्तर आवडले. किमतीवर घासाघीस झाली पाहिजे, ती अपमान नव्हे.

समजा पुढे दुसरा कोणी गुंतवणूकदार आला, त्याने पन्नास लाख घालून वीस टक्के घेतले. तर आपले बारा टक्के बारा राहत नाहीत. नवे शेअर निघाल्यामुळे ते नऊ पूर्णांक सहा होतात. घाबरायचे कारण नाही, कारण कंपनी आता अडीच कोटींची झाली आणि आपल्या हिश्शाची किंमत चोवीस लाख. पण ती कागदावर. खासगी कंपनीचे शेअर हे काही सोयाबीन नव्हे, की गाडी जुंपली आणि उदगीरच्या बाजारात नेऊन विकले. कोणी मोठी कंपनी तिला विकत घेईल, किंवा नवा गुंतवणूकदार आपले शेअर घेईल, किंवा ती शेअर बाजारात जाईल, तेव्हाच पैसा सुटतो. सात-आठ वर्षे सहज जातात. ज्याच्या घरी दोन वर्षांत लग्न आहे त्याने हा पैसा घालू नये. ज्याला विहीर पाडायची आहे त्याने आधी विहीर पाडावी.

कागदपत्रांचा विषय रुक्ष आहे, पण आमचे आयुष्य फायलींत गेले असल्याने थोडे सहन करा. हिस्सा द्यायचा तर आधी नोंदलेली कंपनी हवी. साध्या भागीदारी संस्थेत धंद्याचे देणे भागीदारांच्या घरादारापर्यंत येऊ शकते. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत किंवा २००८ च्या कायद्याखालच्या एलएलपीमध्ये साधारणपणे घातलेल्या रकमेपुरतीच जोखीम राहते. हिस्सेदारांच्या करारात एक कलम असावे असे आम्हाला मनापासून वाटते: संस्थापकांचे शेअर त्यांना एकदम न मिळता तीन-चार वर्षांत, काम करतील तसतसे पक्के व्हावेत. मधेच नोकरी धरली तर राहिलेले शेअर कंपनीकडे परत. असे कलम २०१७ ला असते तर आपली दोन मुले नोकरीला गेली त्यावर एवढा कडवटपणा झाला नसता. जाण्याची वाट आधीच आखलेली असती.

मोठ्या शहरांत 'कन्व्हर्टिबल नोट' नावाचा एक प्रकार चालतो. आज कर्ज म्हणून द्यायचे, पुढे किंमत ठरल्यावर त्याचे शेअर होतात. आमच्यातल्या एका तरुणाने इंटरनेटवर वाचून तो सुचवला. पण आपल्याकडे मान्यताप्राप्त स्टार्टअपला अशा नोटवर एका व्यक्तीकडून एका वेळी किमान पंचवीस लाख घ्यावे लागतात. वीस हजारवाल्या गवंडीदादांना तिथे दार बंद. मुंबई, दिल्लीकडे एंजल मंडळींचे गट आहेत, २००६ पासून मुंबई एंजल्स आणि इंडियन एंजल नेटवर्क चालतात. सेबीने २०१३ मध्ये एंजल फंडांचे नियम केले, पण ते कोटींत मालमत्ता असणाऱ्यांना धरून आहेत. आपण त्या यादीत नाही, याचे वाईट वाटून घेऊ नका.

२०१२ मध्ये आलेला आणि 'एंजल टॅक्स' म्हणून बदनाम झालेला एक कर होता. कंपनीच्या शेअरची हिशेबी किंमत शंभर असेल आणि कोणी दीडशे देऊन घेतला, तर वरचे पन्नास कंपनीचे उत्पन्न समजून त्यावर कर. ज्या कंपनीकडे फक्त एक टेबल आहे तिची हिशेबी किंमत काय निघणार? जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात तो रद्द झाला. म्हणून कोणी सल्लागार त्याची भीती घालून फी मागत असेल तर ऐकू नका.

एक गोष्ट मात्र कडकपणे सांगतो. आपल्या मंडळाची वर्गणी जशी घरोघरी फिरून गोळा होते, तसा कंपनीसाठी पैसा गोळा करता येत नाही. ठरलेला परतावा देतो म्हणून लोकांकडून ठेवी घेणे याला २०१९ चा बेकायदा ठेव योजनांवरील बंदीचा कायदा आहे आणि त्यात तुरुंग आहे. इंटरनेटवर 'शेअर बाजारात येण्याआधीच शेअर घ्या, दुप्पट होतील' असे सांगणारे जे ग्रुप आहेत, त्यांच्याबद्दल वेगळे सांगायला नको. अनधिकृत मंचांपासून दूर राहा असे सेबीने २०१६ मध्येच सांगून ठेवले आहे. एंजल स्वतः समोर बसून माणूस पाहून पैसा देतो. ज्याचा चेहरा पाहिला नाही त्याला द्यायचे कशाला?

हेच आपल्या भागाचे बलस्थान आहे. आपल्या बीदर जिल्ह्यातले महिला बचत गट डीसीसी बँकेने उभे केले, ते देशभरातून लोक पाहायला आले. तिथे तारण काय होते? दहा-पंधरा बायका एकमेकींना ओळखत होत्या, हेच तारण. कोणाचा नवरा पितो, कोण शब्दाला पक्की, कोणाच्या घरी बाळंतपण आले आहे, हे गटाला माहीत होते. बंगळूरचा गुंतवणूकदार तीन भेटींत जे शोधायला पाहतो ते आपल्याला तीन पिढ्यांपासून माहीत असते. आपल्याला माहीत नसते ते दुसरे: बाजार किती मोठा, आधी कोणी केले आहे का, दुरुस्ती कोण करणार. डब्याच्या वेळी आपण मुलांना ओळखत होतो, त्यांच्या आज्यांनाही ओळखत होतो. रिचार्जला कोणी ओळखत नव्हते.

ज्या तरुणांना पैसा हवा आहे त्यांनी गावातल्या माणसांकडे येण्याआधी सरकारच्या दारातही जाऊन यावे. आपल्या कर्नाटकाने स्टार्टअप धोरण आणले ते २०१५ साली. २०१७ पासून 'एलिव्हेट' नावाची योजना आहे. तिच्यात निवड झाली तर पन्नास लाखांपर्यंत अनुदान मिळते आणि सरकार त्या बदल्यात हिस्सा मागत नाही. केंद्राची सीड फंड योजना २०२१ मध्ये ९४५ कोटींची निघाली. तिच्यात नमुना सिद्ध करायला वीस लाखांपर्यंत अनुदान आणि बाजारात उतरायला पन्नास लाखांपर्यंत कर्ज किंवा पुढे शेअर होणारा पैसा देण्याची तरतूद केली होती, तीही इन्क्युबेटर केंद्रांमार्फत. मुद्राचे कर्ज हे कर्जच आहे, ते अनुदान समजून घेऊ नका, असे घेतलेले आम्ही पाहिले आहेत. हुबळीला गुरुराज देशपांडे यांनी, म्हणजे हुबळीतून जाऊन अमेरिकेत सायकॅमोर नेटवर्क्स उभी करणाऱ्या माणसाने, आपल्या फाउंडेशनमार्फत लहान गावांतल्या स्टार्टअपसाठी केंद्र चालवले आहे. भाषेची भीती बाळगू नका. अर्ज कानडीत-इंग्रजीत असतील, आपण घरी मराठी बोलतो आणि बाजारात कानडी, दखनी सगळेच बोलतो. फॉर्म भरायला अडले तर संध्याकाळी सहानंतर आमच्याकडे या, चहा तुमच्याकडून.

आता त्या मुलीविषयी. सोयाबीन विकायला नेले की मॉइश्चर किती यावर कटती होते. हमीभावाच्या खरेदीला बारा टक्के ही मर्यादा. अडतीवरचा मीटर अडतीवाल्याचा, तो दाखवेल ते खरे. ती मुलगी एक लहान यंत्र करते आहे. ते गावात शेतकरी उत्पादक कंपनीकडे भाड्याने राहील, माल गाडीत भरण्याआधीच मॉइश्चर मोजेल आणि शेतकऱ्याच्या फोनवर तारीख-वेळेसह पावती पाठवेल. या वेळी आम्ही पहिला प्रश्न तोच विचारला: असे मीटर बाजारात आहेत ना? तिने पिशवीतून तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे मीटर काढून टेबलावर ठेवले. एकाच पायलीतले दाणे तिन्हींत टाकले. तीन आकडे आले. मग तिने तेच दाणे तोलून, भट्टीत वाळवून, पुन्हा तोलून खरा आकडा काढला आणि कोणता मीटर किती चुकतो ते वहीत लिहून दाखवले. तिचे स्वतःचे यंत्र त्या दिवशी अर्ध्या टक्क्याने चुकले. तेही तिने लिहिले. गुरुजी मागे वळून अण्णांकडे पाहून काहीतरी म्हणाले. काय म्हणाले ते आम्हाला ऐकू आले नाही, पण बऱ्याच दिवसांनी ते अण्णांना उद्देशून काही बोलले होते.

आम्ही तिला अजून होय म्हटलेले नाही. एलिव्हेटला अर्ज कर, सीड फंडासाठी केंद्र गाठ, आणि तोपर्यंत या हंगामात चार गावांत यंत्र फिरव, असे सांगितले आहे. विसर्जनानंतरच्या रविवारी सकाळी नऊ वाजता देवळामागच्या खोलीत ती पुन्हा येणार आहे. ज्यांना पैसा घालायचा आहे त्यांनी यावे, ज्यांना घालायचा नाही त्यांनी प्रश्न विचारायला यावे. येताना घरचे सोयाबीन डबाभर आणा, ओले, वाळलेले, जसे असेल तसे. कोणाचा किती पैसा हे त्या दिवशी ठरणार नाही. तो कोणत्या नावाने द्यायचा, एवढेच ठरेल. नवी वही आणली आहे. तिच्यात या वेळी चार रकाने आखले आहेत: नाव, रक्कम, प्रकार, सही.

आणि जुन्या वहीबद्दल. हैदराबादच्या मुलाने परवा फोन केला होता. अण्णांचे मुद्दल फिटले. आता तो दर महिन्याला दोन हजार गुरुजींच्या खात्यात टाकायचे म्हणतो. गुरुजी नको म्हणतात. मग ते पैसे त्या मुलीच्या यंत्रात घालायचे का, असे त्याने विचारले. आम्ही त्याला सांगितले, रविवारी फोनवर तूच विचार, सगळे असतील.